पाहुणी लेखिका जॉयस तुस्कानो

कॅनडातल्या सस्काटूनमध्ये आपल्याकडचं सामान मिळणारं एक दुकान आहे. तिथं सुक्या मासळीची पाकिटं अगदी शेवटच्या फळीवर, लोणच्यांच्या बरण्यांमागे लपवून ठेवतात, आणि दारातून आत पाऊल टाकलं की सगळ्यात आधी त्यांचाच वास येतो. त्या फळीसमोर जॉयस तुस्कानो मला पहिल्यांदा दिसली. जाड कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात रिकामी टोपली. सुक्या बोंबलांच्या पाकिटाकडे ती नुसती बघत उभी होती. ना घेत होती, ना बाजूला होत होती. मी तिच्या मागे माझी सामानाची ढकलगाडी घेऊन थांबलेली. सगळं आयुष्य रंगमंचावर बोलण्यात गेलेल्या बाईला असं गप्प थांबता येत नाही.

"घ्या की हो," मी म्हटलं. "चावत नाहीत ते."

तिनं वळून पाहिलं. मराठी ऐकून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि तसाच विझला.

"चावतात, बाय," ती म्हणाली. "आमच्या घरात चावलेत."

ही थट्टा नव्हती हे कळायला मला वेळ लागला नाही. आवाजावरून माणूस ओळखणं हाच माझा धंदा होता. मी गाडी तिथंच सोडली आणि तिला समोरच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. दोघींच्या चष्म्यांवर वाफ धरली, ती पुसता पुसता जॉयस बोलायला लागली.

ती वसईची. नवरा क्लिफर्ड इथल्या पोटॅशच्या खाणीत फिटर. ती स्वतः म्हाताऱ्यांच्या एका निवासात स्वयंपाकघर सांभाळते. मुलगा एकच, कॉलिन. नववीत असताना तो आईबापांबरोबर इथं आला. शाळा संपल्यावर एडमंटनला कॉलेजात गेला आणि एका घराच्या बेसमेंटमध्ये, तळघरातल्या खोलीत, भाड्यानं राहू लागला. मागच्या वर्षीच्या जानेवारीत घरमालकाचं कुटुंब चार दिवस पाहुण्यांकडे गेलं होतं. वारा सुटला, बर्फ उडून भिंतीशी साचला आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर टाकणारी नळी बुजली. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. कॉलिन झोपला तो उठला नाही.

"एवढं सगळ्यांना माहीत आहे," जॉयस म्हणाली. "चर्चमध्ये, तिकडे वसईत, माझ्या भावांना. भट्टी वाईट होती, कॉलिन गेला. पुढचं मला आणि क्लिफर्डलाच माहीत आहे."

पुढचं तिनं मला का सांगितलं, कोण जाणे. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून असेल. कॉलिनच्या खोलीत छताला अलार्म होता आणि तो धूर आणि हा विषारी वायू दोन्ही ओळखणारा होता. पण तव्यावर सुके बोंबील भाजले की तो किंचाळायचा आणि वरचे लोक येऊन दार ठोठावायचे. म्हणून कॉलिननं त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून रबर बँड लावला होता. जेवण झालं की काढायचा. त्या दिवशी विसरला. अग्निशमन दलाच्या माणसानं त्याच खोलीत उभं राहून आईबापांना दाखवलं होतं. बॅटरी चांगली होती, अलार्म चांगला होता, त्याच्यापर्यंत हवाच पोचली नव्हती.

"आणि बोंबील क्लिफर्डच्या आयनं पाठवलेले," ती म्हणाली. "नातवाला आवडतात म्हणून स्वतः सुकवलेले. तिला हे कळलं तर ती जगायची नाही. म्हणून क्लिफर्डनं मला शपथ घातली आहे. पिशवीचं कुणाला सांगायचं नाही."

"आणि तुला सांगायचं आहे."

"बाय, माझ्या ओळखीची निम्मी पोरं तेच करतात. पिशवी, शॉवर कॅप, सेलोटेप. कुणीतरी त्यांना सांगायला नको?"

तिला काय हवं होतं ते पहिल्याच दिवशी मला कळलं. बेसमेंटमध्ये राहणाऱ्या पोरांपर्यंत एक वाक्य पोचवायचं होतं. आणि नेमकं तेच वाक्य उच्चारायला घरात बंदी होती.

*

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही भेटू लागलो, कधी लायब्ररीत, कधी तिच्या घरी. माझी मुलगी अरुणा इथल्या विद्यापीठात शिकवते. ती दिवसभर बाहेर आणि नात माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारी. मलाही कुणीतरी हवंच होतं.

जॉयसनं स्वतःचा ब्लॉग काढला होता. त्यावर लेख होते, भट्टी तपासून घ्या, हिवाळ्यात काळजी घ्या, बॅटरी बदला. पिशवीचा शब्द कुठंही नाही. वाचणारी एक तिची बहीण आणि दुसरी मी. मग लायब्ररीतल्या एका मुलीनं तिला सांगितलं की आपला ब्लॉग कुणी वाचत नसेल तर ज्यांचा वाचतात त्यांच्याकडे पाहुणा लेख द्यावा, त्याला गेस्ट पोस्ट म्हणतात. जॉयसनं एक पत्र लिहिलं आणि तेच सगळ्यांना पाठवलं. नोकऱ्यांच्या ब्लॉगला, नव्यानं आई झालेल्या बायकांच्या ब्लॉगला, टोरांटोतल्या घरं विकणाऱ्या एका माणसाला. सुरुवात सगळीकडे एकच, 'आदरणीय महोदय'. उत्तर जवळजवळ कुणाचंच नाही.

"यातली एक तरी जागा तू आधी वाचलीस का?" मी विचारलं.

"वेळ कुठं होता, बाय?"

"मग तू पाहुणी नव्हेस. तू दारोदार फिरणारी विक्रेती आहेस."

ती चिडली. मी तिला कोकणातलं सांगितलं. आमच्या काळी गावातली हौशी मंडळी नाटक बसवायची आणि नायिकेसाठी मुंबईहून नटी बोलवायची. मी अशी कितीतरी गावं फिरले. तालीम एकच मिळायची, ती पण प्रयोगाच्या दिवशी दुपारी. बाकीच्या नट्या एसटीतून उतरल्या की आरसा मागायच्या. मी आधी गावातून चक्कर मारायची. देवळाशी कोण बसतं, पहिल्या रांगेत कुणाच्या खुर्च्या टाकल्यात, मागच्या वर्षीच्या नटीला लोक का हसले, सगळं विचारून घ्यायची. नाटक त्यांचं, मांडव त्यांचा, प्रेक्षक त्यांचे. पाहुण्यानं फक्त एवढंच शोधायचं की या घरात काय कमी आहे आणि ते आपल्या पिशवीत आहे का.

"बेसमेंटमधली पोरं कुठला ब्लॉग वाचतात?" मी विचारलं.

ते तिला ठाऊक होतं. चैत्राली नावाची पुण्याची मुलगी ओटावाला राहते, तिथल्याच कानाटा या उपनगरात एका कंपनीत काम करते आणि 'बेसमेंटमधली चूल' नावाचा मराठी ब्लॉग चालवते. एका भांड्यात काय शिजतं, मायक्रोवेव्हमध्ये पोहे कसे करायचे, असलं सगळं. कॅनडाभरची मराठी पोरं तिथं येतात. जॉयसनं तिला भट्टीवरचा लेख देऊ केला होता. उत्तर देणारी ती एकटीच निघाली. 'काकू, मनापासून सॉरी, पण सेफ्टीवरचं कुणी वाचत नाही, लोक खाली स्क्रोल करून जातात. रेसिपी असेल तर नक्की पाठवा.'

आम्ही दोघींनी बसून तो ब्लॉग वाचला, लेखांपेक्षा खालच्या प्रतिक्रिया जास्त. पोरं पुन्हापुन्हा एकच विचारत होती: सुकी मासळी कुणी का शिकवत नाही? आईला फोन केला तर ती म्हणते अंदाजानं घाल.

जॉयसनं स्क्रीनवरून नजर काढून घेतली.

"नाही," ती म्हणाली. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

नाटकात काही जागा अशा असतात की समोरच्याला प्रॉम्प्ट करायचं नाही, त्याचं त्याला आठवू द्यायचं. ती उठून खिडकीशी गेली, बाहेर दक्षिण सस्कॅचेवान नदी गोठून पांढरी पडली होती ती बघत राहिली, आणि परत येऊन बसली.

"बोंबील भाजायच्या जागीच ते वाक्य घालीन," ती म्हणाली. "अलार्म वाजेल, वाजू द्या, झाकू नका. कॉलिनचं नाव घेणार नाही. शपथ मोडत नाही."

या वेळी पत्र चार ओळींचं होतं. चैत्राली, तुझ्या ब्लॉगवर सुकी मासळी नाही आणि तुझी पोरं मागतायत. मी वसईची आहे. सुक्या बोंबलांचं सुकं, मोजमापासकट, फोटोसकट, शुक्रवारी पाठवू का? तासाभरात उत्तर आलं. 'काकू, आज का नाही?'

*

फोटो काढायचे म्हणजे शिजवणं आलं. कॉलिन गेल्यापासून त्या घरात बोंबील आले नव्हते. क्लिफर्डची दुपारची पाळी होती. जॉयसनं बोंबलांची डोकी-शेपट्या कापल्या, तवा तापवला, तुकडे टाकले. मी हातात फोन धरून उभी. धूर वर चढला आणि छतावरचा अलार्म किंचाळू लागला.

मी धावत जाऊन टॉवेलनं वारा घालायला लागले. ती म्हणाली, "राहू द्या, बाय. वाजू दे."

तवा उतरवून ती बरोबर अलार्मच्या खाली जाऊन उभी राहिली, मान वर करून. तो आवाज कानाचे पडदे फाडणारा असतो. मी कान झाकले. ती तशीच उभी. चर्चमध्ये प्रभुभोजन घेताना बायका उभ्या राहतात तसा तिचा चेहरा होता. धूर निवळला, अलार्म आपोआप थांबला, तेव्हा ती खाली बसली आणि कांदा चिरायला घेतला.

रेसिपी गाजली. बाटली मसाला कुठं मिळेल, कोकम नसेल तर चिंच चालेल का, वास कसा घालवायचा, प्रश्नांचा पाऊस पडला. मी तिला बजावलं होतं, प्रयोग झाल्यावर पाहुण्या नटीनं लगेच गाडी पकडायची नसते, गावकऱ्यांबरोबर पिठलंभात खायचा असतो. ती एकेकाला उत्तर देत होती. कामावरून आली की चहा आणि प्रतिक्रिया. मी तिला त्या दिवसांत हसताना पाहिलं.

फक्त तिनं घातलेलं वाक्य लेखात नव्हतं. लांबी कमी करताना चैत्रालीनं ते काढलं होतं.

"विचारीन तिला," जॉयस म्हणाली. "आत्ताच कुरकुर केली तर पुन्हा बोलवायची नाही."

पुढच्या गुरुवारी मी गेले तर ती लॅपटॉपसमोर कोट न काढता बसलेली. तिनं नुसतं बोट दाखवलं. रेसिपीच्या शेवटी, तिच्या नावाच्या वरच, ठळक अक्षरांत नवीन ओळी आल्या होत्या. 'वाचकांची खास टीप: बोंबील भाजताना अलार्म वाजतो? शॉवर कॅप चढवा आणि मस्त भाजा!' शैलेंद्र नावाच्या कुणी प्रतिक्रियेत लिहिलं होतं, शेकडो जणांना आवडलं होतं, म्हणून चैत्रालीनं ते लेखातच घेतलं होतं. त्याच्या खाली छापलं होतं, 'पाहुणी लेखिका: जॉयस तुस्कानो'.

जॉयसनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"हाय काकू! पाहिलंत ना, काय रिस्पॉन्स आहे!"

"चैत्राली, ती टीप काढ."

"कुठली? शॉवर कॅपची? अहो, सगळ्यात हिट तीच आहे. मी पण तेच करते."

"तू पण करतेस?"

"मग काय! फोडणी टाकली की किंचाळतो तो. माझा लँडलॉर्ड वरून बूट आपटतो."

"तू आत्ता घरी आहेस?"

"हो, वर्क फ्रॉम होम. का?"

"वर बघ. अलार्मवर काय आहे?"

फोनमधून तिची पावलं ऐकू आली.

"सकाळी उपमा केला होता," चैत्राली म्हणाली. आवाजातला खेळ गेला होता. "कॅप आहे अजून. काढायची राहिली."

"काढ."

"काढते, मीटिंग झाली की…"

"आत्ता काढ. मी फोनवर आहे."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग प्लॅस्टिकचा. मग ती पुन्हा फोनवर आली. "काढली. काकू, काय झालं?"

जॉयस माझ्याकडे बघत होती. शपथ मोडायची परवानगी माझ्याकडे मागत असल्यासारखी. ती द्यायचा मला काय अधिकार? पण मी मान डोलावली.

"माझा मुलगा असाच गेला," जॉयस म्हणाली, आणि सगळं सांगितलं. शेवटी फोनमधून चैत्रालीच्या रडण्याचा आवाज आला. रडून झाल्यावर ती म्हणाली ते मात्र शहाणपणाचं होतं.

"टीप मी आत्ता काढते, काकू. पण नुसती काढून काय होणार? पोरं करतच राहणार. मी पण केलं असतं. झाकू नका असं तुम्ही लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं की. वाचून काढून टाकलं. मला काहीच वाटलं नाही. कॉलिनचं लिहिलं असतंत तर काढलं नसतं."

"घरी विचारावं लागेल," जॉयस म्हणाली.

*

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तिनं मला जेवायला बोलावलं. क्लिफर्ड एरवी मोठा बोलघेवडा, मला चिडवणारा. "मंदाबाय, आज कुठल्या राणीचा रोल?" असं विचारल्याशिवाय कोट घ्यायचा नाही. त्या दिवशी ताटावर बसल्याबसल्याच त्याला आमच्या बेताचा वास लागला होता.

"दोघी मिळून मला काय सांगणार आहात ते आधी सांगा," तो म्हणाला. "म्हणजे जेवण घशाखाली जाईल की नाही ते कळेल."

जॉयसनं सांगितलं. बोंबील शिजवले इथपासून चैत्रालीच्या शॉवर कॅपपर्यंत. तो ऐकत होता आणि भाताला बोटं लावत नव्हता.

"म्हणजे आधीच सांगून झालंय. आता विचारतेस."

"एकीला सांगितलं. लिहिलं नाही."

"मंदाबाय," तो माझ्याकडे वळला, "मी रोज खाणीत उतरतो तेव्हा इथं छातीवर गॅसचा मीटर लावतो. तो न लावता एक पाऊल टाकलं तर मला त्याच दिवशी घरी पाठवतील. नवीन पोरांना मी शिकवतो, मीटर म्हणजे तुझा श्वास. आणि माझाच पोरगा पिशवी बांधून झोपला. हे ती छापणार. मग खाणीत मी कुणाला काय शिकवू?"

"हेच शिकव," जॉयस म्हणाली.

"तोंड सांभाळ!" त्यानं ताट ढकललं. "लोक काय म्हणतील ठाऊक आहे? मूर्ख होता म्हणतील. आता म्हणतात, बिचारा. मग म्हणतील, स्वतःच्या हातानं. आणि मराठीत लिहिणार! आठ दिवसांत व्हॉट्सॲपवरून वसईला पोचेल. आयला कोण सांगणार, की तुझ्या बोंबलांनी…"

जॉयस उठून त्याच्या मागे गेली, खांद्यावर हात ठेवायला. त्यानं खांदा काढून घेतला.

"त्या पोरीच्या अलार्मला कॅप होती, क्लिफर्ड. मी फोन केला नसता तर आज रात्री पण असती."

"तुला काय करायचं ते कर," तो म्हणाला. "तुस्कानो नाव घालू नकोस."

तिनं लिहिलं. रेसिपी तीच, मोजमाप तेच. बोंबील तव्यावर टाकायच्या ओळीनंतर तिनं लिहिलं होतं: 'आता अलार्म वाजेल. माझ्या कॉलिननं त्याला पिशवी बांधली होती.' मग सहा-सात वाक्यांत सगळं, एकही विशेषण नाही. आणि मग लगेच, 'धूर निवळला की कांदा टाका.' मी वाचून तिला म्हटलं, यातला एक शब्द कुणाला हलवू देऊ नकोस. नाव घातलं, 'जॉयस, कॉलिनची आई'. चैत्रालीनं तो लेख होता तसा ठेवला.

पाच दिवसांतच तो वसईला पोचला. क्लिफर्डच्या आयला तो तिच्या पुतणीनं वाचून दाखवला. म्हातारीनं फोन केला तेव्हा मी तिथंच होते. क्लिफर्ड नुसता "होय, आय" म्हणत होता. "होय, आय. नाही, आय. तुझं काय त्यात." मग बराच वेळ फोन कानाला धरून उभा राहिला. पलीकडून ती बोलत नव्हती, रोजरीची जपमाळ म्हणत होती. पन्नासच्या पन्नास नमो मारिया त्यानं उभ्यानं ऐकल्या. त्यानंतर ती म्हातारी बोंबील सुकवायला अंगणात गेली नाही म्हणतात. अंथरूण धरलं.

क्लिफर्ड जॉयसशी बोलेनासा झाला. ती सकाळच्या मिस्साला गेली तर तो संध्याकाळच्या मिस्साला जायचा. डबा भरून ठेवला तर न्यायचा, पण रिकामा डबा धुवून आणायचा, म्हणजे तिला हात लावायला नको. लोकांनी काय म्हटलं? तो म्हणाला होता तेच. कुणी लिहिलं, चूक तर मुलाचीच होती. कुणी खाली हसण्याची चित्रं टाकली. आणि कुणी कुणी अलार्मचा फोटो टाकला, उघडा, नुकतीच पिशवी काढलेला, कडेला रबर बँडचा वळ दिसत असलेला. जॉयस सगळ्यांना उत्तर देत होती, हसणाऱ्यांनाही.

मग बोलावणी सुरू झाली. ज्यांनी तिच्या पहिल्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं त्यांचीच. एका ठिकाणी हिंदीत, दोन ठिकाणी इंग्रजीत. सगळ्यांना कॉलिन हवा होता. तिनं प्रत्येकाला वेगळं लिहिलं, कारण प्रत्येक घरचा प्रेक्षक वेगळा. म्हणजे प्रत्येक वेळी ती त्या खोलीत नव्यानं जात होती. मी रंगमंचावर किती वेळा मेले असेन! तिसऱ्या अंकात विष घ्यायचं, पडदा पडला की उठायचं, कुणीतरी चहा घेऊन उभा असायचा. जॉयसचा पडदा पडत नव्हता. लेख पाठवला की ती बेसिनला धरून उभी राहायची. चहा मी करायची, पण तो प्यायला ती मनानं तिथं नसायची.

फेब्रुवारीत टोरांटोच्या एका मोठ्या साइटवरून सॅन्ड्रा नावाच्या बाईचं पत्र आलं. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची साइट, लाखांनी वाचणारे. लेख फार आवडला, लिहिलं होतं. कॉलिनचा हसतानाचा एक फोटो पाठवा, आणि तुमचा एक, त्याच्या वस्तू हातात घेतलेला. जॉयस मला ते मराठीत सांगत होती. क्लिफर्ड पलीकडे बूट घालत होता.

"किती वेळा मारणार आहेस त्याला?" तो म्हणाला.

कित्येक आठवड्यांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

जॉयस रडली नाही. "जितक्यांनी बोलावलं तितक्या वेळा," ती म्हणाली. "एका ठिकाणी लिहिलं तर फक्त तिथलीच पोरं वाचतात, क्लिफर्ड."

तो बाहेर गेला. दार आपटलं. मला वाटलं, आता हा परत येत नाही. अर्ध्या तासानं आला तो भुवयांवर बर्फ घेऊन. हातमोजे काढून फोन तिच्यासमोर ठेवला. घराच्या बाजूच्या भिंतीतून भट्टीची नळी बाहेर येते, तिचे फोटो. खाली साचलेला बर्फ नळीच्या तोंडापासून वीतभर खाली. एका फोटोत त्याचा खाणीतला पिवळा हातमोजा, बर्फ बाजूला सारताना.

"पोराचा चेहरा नको," तो म्हणाला. "चेहरा बघून रडतील आणि पुढं जातील. हे बघितलं तर उठून बाहेर जाऊन बघतील. त्यांना ठाऊकच नसतं नळी कुठं असते."

जॉयसनं ते फोटोच पाठवले, त्याचं म्हणणं तसंच लिहून. उत्तर सोमवारी आलं. सॅन्ड्राबाई फार नम्र होत्या. पण चेहरा नसेल तर वाचक जोडला जात नाही, तेव्हा या खेपेला नको, पुढं कधी जमलं तर बघू.

जॉयसनं वाचून दाखवलं. क्लिफर्डनं माझ्यासमोर कधी शिवी दिली नव्हती, ती दिली. "मड्याचा फोटो पाहिजे हिला," तो म्हणाला. मग तो येरझाऱ्या घालत राहिला, आणि शेवटी जॉयसच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"दुसरं कोण आहे?"

"एडमंटनच्या कॉलेजातल्या पोरांचा ब्लॉग आहे," ती सावकाश म्हणाली. "मी त्यांना लिहिलं नाही अजून."

"कॉलिनचं कॉलेज?"

"होय. इंग्लिश आहे. पंजाबी, केरळी, फिलिपिनो, सगळी पोरं वाचतात."

क्लिफर्डनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. खाणीच्या ग्रीसनं त्याची नखं कायमची काळी झालेली आहेत. तो त्यांच्याकडे बघत होता.

"पहिलं वाक्य मी सांगतो," तो म्हणाला. "तुझं इंग्लिश फार गोड असतं. माफी मागितल्यासारखं."

"सांग."

त्यानं घसा साफ केला. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, खाणीत नव्या पोरांना सूचना द्याव्यात तशा आवाजात त्यानं सांगितलं. आमच्या मुलानं अलार्मला पिशवी बांधली होती.

जॉयसनं ते टाईप केलं आणि बोटं तशीच कळांवर ठेवून पुढच्या वाक्याची वाट बघत बसली. त्याला ते सापडत नव्हतं. आम्ही थांबलो.